मुलांची मासिकं वर्गात कशी वापरता? (वाचन आणि चर्चा)

अबोली_टीचर

नमस्कार मंडळी. मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसतात. बऱ्याच शाळांसारखं आमच्याही कपाटात बालमासिकांचे गठ्ठे आहेत. ‘किशोर’ आहे, ‘छात्र प्रबोधन’ आहे, कुणी घर आवरताना आणून दिलेले जुने ‘चांदोबा’ आहेत. हे अंक मुलांना सहसा कधी मिळतात? लेखन लवकर संपलं की, किंवा टीचर रजेवर असली की. म्हणजे ज्याचं काम आधी झालं त्यालाच मासिक. ज्याला वाचायला जड जातं त्याच्या हाती ते वर्षभर येतच नाही.

मला वाटतं, मासिक तासाच्या मधोमध आणायला हवं, आणि वाचून झालेल्या मजकुरावर मुलांना आपापसांत बोलतं करण्यासाठी त्याच्याएवढं सोयीचं दुसरं काही आपल्यापाशी नाही. धड्याखाली स्वाध्याय असतो. टीचरच्या मनात एक उत्तर ठरलेलं आहे हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे ती धडा वाचत नाहीत, आपला चेहरा वाचतात. मासिकातल्या लेखाखाली बहुधा असं काही नसतं. तो कुणी पाठही करून घेणार नसतं. तिथे “तुला काय वाटलं?” असं विचारलं की मुलं खरोखर विचार करतात.

मी सुरुवात अनुक्रमणिकेपासून करते. अंक उघडायचा नाही, फक्त अनुक्रमणिका फळ्यावर लिहायची. नावावरून आत काय असेल ते मुलं सांगतात. मग हात वर करून ठरतं की आज काय वाचायचं. निवड त्यांची असल्यामुळे पहिली दोन मिनिटं जिंकलेली असतात. मग मी साधारण अर्ध्यापर्यंत मोठ्याने वाचते आणि थांबते. पुढे काय होईल, हे प्रत्येकाने शेजाऱ्याला सांगायचं. उरलेला भाग मुलं जोडीने वाचतात. शेवटी गोल बसून बोलणं.

बोलण्याला नियम एकच: मत कुठलंही चालेल, पण “हे कुठे लिहिलंय?” असं कुणीही कुणालाही विचारू शकतं. मग त्या ओळीवर बोट ठेवून ती मोठ्याने वाचायची. ओळ सापडली नाही तर “हे माझं मत, अंकात नाही” असं म्हणायचं. या एका सवयीमुळे मुलं तोच मजकूर दोनदा-तीनदा चाळतात, तेही मी न सांगता.

एक तास सविस्तर सांगते. एका अंकात वाघावर माहितीचा लेख होता. वाघ किती मोठा असतो, काय खातो, जंगलाला त्याची गरज का, असा नेहमीचा. आमची शाळा म्हादई अभयारण्यापासून लांब नाही. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या जंगलात चार वाघ मेलेले सापडले होते, विष घातल्याने. ती बातमी इथे घराघरांत बोलली गेलेली. लेख वाचून झाल्यावर मी विचारलं, “या लेखात काय राहून गेलं असं वाटतं?” चौथीतला एक मुलगा उठला. त्याच्या घरी गोरवां (गुरं) आहेत. तो कोकणीत म्हणाला, “वागाक मारूंक जायना हें खरें. पूण आमची गाय परत कोण दितलो?” दुसरी म्हणाली, “सरकार दिता.” पहिला लगेच, “दिता, पूण केन्ना?” (देतं, पण कधी?)

मग लेखातली “वाघ गुरांवर हल्ला का करतो” ही ओळ शोधायला सगळे लागले. तशी ओळ नव्हती. ‘शिकार कमी झाली की तो वस्तीकडे येतो’ एवढंच एका परिच्छेदात होतं. एका मुलीने तेच धरून ठेवलं: जंगलात डुक्कर, सांबर असेल तर तो गोठ्यात कशाला येईल? म्हणजे जंगल राखलं तर गायही राखली जाते. तो मुलगा मानला नाही. “जंगल वाडपाक वर्सां लागतात, गाय आज मेली,” म्हणाला. दोघांपैकी कुणीही चूक नव्हतं, आणि मी निकाल दिला नाही. घंटा झाली तरी दोघं बोलतच होती.

मूल लेखाला प्रश्न विचारू शकतं, लेखकाने काय सांगितलं नाही हे हेरू शकतं, हे कुठल्याही चाचणीतून मला दिसलं नसतं.

आता तुम्ही सांगा. तुमच्याकडे काय चालतं? मोठ्या वर्गांत हे कसं करता? गप्प बसणाऱ्या मुलांचं काय? आणि पावसाळ्यात अंक कसे टिकवता?

जांभूळ

टीचर, फार बरं वाटलं वाचून. मी डिचोली तालुक्यात नोकरी केली, आता निवृत्त. तुम्ही जुन्या चांदोबांचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. ते गठ्ठे कृपा करून रद्दीत जाऊ देऊ नका.

‘चांदोबा’ मराठीत १९५२ पासून निघू लागला. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट म्हणजे चर्चेसाठीच बेतल्यासारखी आहे. गोष्ट संपते आणि वेताळ प्रश्न विचारतो: सांग राजा, दोष कोणाचा? उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. मी तिथेच अंक मिटायचो. विक्रमाचं उत्तर उद्या.

चार भावांची गोष्ट घ्या. एक हाडं जुळवतो, दुसरा मांस चढवतो, तिसरा कातडं आणि आयाळ घालतो, चौथा प्राण फुंकतो. सिंह उठतो आणि चौघांनाही खातो. दोष कोणाचा? राजा म्हणतो, चौथ्याचा, कारण बाकीच्यांना आपण काय घडवतोय ते ठाऊक नव्हतं. आता वर्गात काय झालं ऐका. एक मुलगी म्हणाली, राजा चुकला. तिसऱ्याने कातडं आणि आयाळ घातली तेव्हा त्याला सिंह आहे हे कळलंच असणार, मग तो ओरडला का नाही? सगळ्यांनी पान उलटून पाहिलं. आयाळ तिसराच घालतो असं लिहिलेलं. मग एकाने पहिल्याला धरलं: जंगलात पडलेली हाडं उचलायची गरजच काय होती? आणखी एक म्हणाला, दोष विद्येचा नाही, चौघांत एकही जण “थांबूया” म्हणाला नाही याचा आहे. राजाच्या निवाड्यावर अपील करणारी मुलं मला त्या दिवशी भेटली.

आपल्या गोव्यात याला आणखी एक पदर आहे. आमोण्याला वेताळाचं देऊळ आहे, पैंगिणीला आहे. आपल्या मुलांना वेताळ म्हणजे झाडावर लोंबणारं भूत नव्हे, तो गावचा राखणदार. रात्री गावाभोवती फिरतो, त्याच्या वाहणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. अंकातलं चित्र बघून एक मुलगा रागावलाच: “वेताळ असो नासता!” मग पुस्तकातला वेताळ आणि देवळातला वेताळ यांत सारखं काय, वेगळं काय, यावर तास रंगला. शेवटी मुलांनीच शोधून काढलं की दोन्हीकडचा वेताळ रात्रीच जागा असतो आणि माणसाची परीक्षा बघतो. घरी जाऊन आजीला विचारून आलेली मुलं दुसऱ्या दिवशी माझ्या आधी वर्गात हजर होती.

मडगावचा_मास्तर

वाचायला छान वाटतं, पण माझी अडचण मांडतो. मी हायस्कूलला आठवी-नववीला मराठी शिकवतो. वर्ग भरलेला. पोर्शन, घटक चाचण्या, प्रकल्प यांतून आठवड्याला एक तास काढणंसुद्धा कठीण. आणि चर्चा म्हटली की तीच पाच-सहा मुलं बोलतात, बाकीची बघत बसतात. भाग शिक्षणाधिकारी आले तर वहीत काय दाखवायचं? प्राथमिकच्या टीचरांना जमतं ते इथे जमेलच असं नाही. विरोध म्हणून नाही, मनापासून विचारतो.

अबोली_टीचर

सर, अडचण खरी आहे. वेळेबद्दल माझं मत सांगते. मासिक हा जादा विषय मानला तर वेळ कधीच मिळणार नाही. पोर्शनमध्ये उतारावाचन आहे, पत्रलेखन आहे, सारांशलेखन आहे. त्यासाठी आपण गाइडमधले उतारे वापरतो. त्यांच्या जागी मासिकातला लेख ठेवा. कौशल्य तेच, मजकूर जिवंत. वहीत सारांश असेल, पत्र असेल, तपासायला येणाऱ्यांना दाखवायला ते पुरतं.

तीच पाच मुलं बोलतात, याचं एक कारण आपल्या हातात आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं तिला दिसलं. तो अवकाश तीन सेकंदांच्या वर नेला, तर उत्तरं लांब होतात, “माहीत नाही” कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गात उभं राहून गप्प थांबून बघा, किती जड जातं ते. मनात आकडे मोजावे लागतात.

खाजन

मी दिवाडीकडची. बोलणाऱ्यांची मक्तेदारी मोडायला आमच्याकडे काजूच्या बिया. एरवी मुलं बियांनी खेळतातच. चर्चेला बसताना प्रत्येकाला तीन बिया. एकदा बोललं की एक बी मधल्या सुपात. बिया संपल्या की ऐकायचं. ज्याच्या हातात शेवटी बिया उरतात त्याच्याकडे सगळे आपोआप बघतात, “तुजें किदें?” विचारतात. मी कुणाचं नाव घेऊन उठवत नाही. पटापट बोलणारी मुलं तिसरी बी फार जपून टाकायला शिकतात, मग त्यांचं बोलणंही नेमकं होतं.

मडगावच्या सरांसाठी: मोठ्या वर्गाला एकच गोल करू नका. चार-चारचे गट करा आणि चौघांना चार कामं द्या. एकाने पुढचा अंदाज सांगायचा, एकाने गटाला प्रश्न विचारायचे, एकाने अडलेला शब्द किंवा वाक्य उलगडायचं, एकाने दोन वाक्यांत सारांश. पुढच्या परिच्छेदाला कामं फिरतात. ही पद्धत पॅलिन्क्सार आणि ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडली, तीही सातवीच्या आसपासच्या, वाचता येतं पण समजत नाही अशा मुलांसाठी. हायस्कूलला अगदी बसते. चार पानांचा लेख एका तासात होतो.

मडगावचा_मास्तर

हे करता येण्यासारखं आहे. चार कामांमुळे प्रत्येकाला बोलावंच लागेल. पण चार-चारच्या गटांना तेवढे अंक कुठून आणायचे? वर्गणी एका अंकाची असते.

ग्रंथालयवाली

याचं उत्तर मी देते, माझं रोजचं काम ग्रंथालयातलं.

पहिली गोष्ट हक्काची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं म्हटलंय आणि त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलंय. मासिक हा शब्द कायद्यात आहे, हे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत सांगा. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या प्रकारानुसार ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. एका चांगल्या मासिकाच्या तीन-चार वर्गण्या त्यातून मागता येतात. तीस वेगवेगळी पुस्तकं घेण्याऐवजी एकाच मासिकाच्या चार प्रती घ्या, असं मी शाळांना सांगते. चर्चेला सगळ्यांनी तेच पान वाचलेलं लागतं.

दुसरी गोष्ट फुकटची. ‘किशोर’ बालभारतीने १४ नोव्हेंबर १९७१ ला सुरू केलं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. लागणारी चार पानं छापा, झालं. सत्तरच्या दशकातला एखादा लेख आणि आजचा त्याच विषयावरचा लेख शेजारी ठेवून बघा. मुलं स्वतःहून विचारतात: तेव्हा असं का लिहायचे?

पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली पोर्तुगीज अमलात सुरू झालेली संस्था ती. तिथे मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. शाळेची सहल मिरामारला न्यायचीच आहे, तर वाटेत एक तास तिथे द्या. नियतकालिकांच्या मांडणीसमोर मुलांना मोकळं सोडा आणि कुणी काय उचललं ते फक्त बघा. पणजीतल्या ‘बुकवर्म’ या संस्थेचं कामही बघून या, मुलांशी पुस्तकावर कसं बोलायचं हे तिथे जवळून दिसतं.

आता पावसाळा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद घाम फुटल्यासारखा होतो. बुरशी आधी मुखपृष्ठाच्या गुळगुळीत कागदावर येते, कसर कण्याकडून लागते. अंक भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत ओल सोडते. पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, तळाला कडुनिंबाचा सुका पाला, आणि उघडीप दिसली की पंख्याखाली उभे करून पानं सुटी करायची. उन्हात घालू नका, कागद पिवळा पडून मोडतो.

आणखी एक. अंक सुटा करून लेखवार पुस्तिका करायच्या असतील तर नुसत्या पिना काढून भागत नाही. मधोमध पिना मारलेल्या अंकात पहिलं पान शेवटच्या पानाला जोडलेलं असतं, त्यामुळे सुटा कागद हातात आला तर त्यावर दोन भलत्याच लेखांचे तुकडे निघतात. घडीवर कापायचं आणि मग लेख जुळवायचा. एक लेख जिथे संपतो त्याच्याच पाठीवर दुसरा सुरू होत असेल तर दोन प्रती लागतात. पुस्तिकेला जुन्या कॅलेंडरचं वेष्टन घाला, मागे छोटा कागद चिकटवा आणि वाचणाऱ्याने त्यावर एक प्रश्न लिहायचा. नाव नको, प्रश्नच. पुढच्याला आधीच्यांचे प्रश्न वाचायला मिळतात.

अबोली_टीचर

मागच्या कागदावर प्रश्न! हे मी या आठवड्यातच करणार. दोन वर्ग एकत्र असल्यामुळे चौथीचे प्रश्न तिसरीला मिळतील, हे तर फारच कामाचं.

फोंड्याचा_पालक

माझी मुलगी मराठी माध्यमात चौथीत आहे. सगळे प्रतिसाद वाचले, तळमळ दिसते. पण एक गोष्ट खटकली. मराठीच्या तासाला मुलं कोकणीत बोलतात आणि टीचर तसं बोलू देतात. घरी आम्ही कोकणीच बोलतो, बाहेर हिंदी-इंग्रजी आहेच. मराठी बोलायची, तीही जरा नीटस मराठी, ही एकच जागा उरली आहे. तिथेही सूट दिली तर मराठी पक्की कशी होणार? पुढे स्पर्धांत, वक्तृत्वात आमची मुलं अडखळतात.

अबोली_टीचर

तुमची काळजी मलाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाघाच्या तासाला त्या मुलाने “मराठीत बोल” असं माझ्याकडून ऐकलं असतं तर तो काय म्हणाला असता? “वाघ जंगलाचा राजा आहे.” खाली बसला असता. त्याच्यापाशी असलेला विचार घरच्या भाषेत तयार होता, गोठ्यात तयार झालेला. तो आधी बाहेर येऊ दे. मराठीचं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते मी सोडत नाही.

पहिल्या फेरीत मूल जसं सुचेल तसं बोलतं. “कुठे लिहिलंय?” म्हटलं की ओळ मराठीत वाचावीच लागते, तिथे पळवाट नाही. चर्चा संपल्यावर प्रत्येकाने आपलं म्हणणं तीन वाक्यांत मराठीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून सांगायचं. त्या मुलाने लिहिलं: “वाघाला मारणे चुकीचे आहे. पण ज्याची गाय मेली त्याला भरपाई लवकर मिळाली पाहिजे. नाहीतर लोक वाघावर रागावतील.” हे मराठी त्याने स्वतः घडवलं, फळ्यावरून उतरवून घेतलं नाही. शुद्धलेखन मी त्यानंतर बघते.

वक्तृत्वाबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. पाठ केलेलं भाषण म्हणणं हे बोलणं नव्हे. समोरच्याचं ऐकून, त्याचं कुठे पटलं आणि कुठे नाही हे सांगता येणं, हे मी बोलणं मानते. त्याची सवय लागलेलं मूल भाषणातही अडखळणार नाही.

बंदरावरची

वास्कोहून लिहिते. इथे तर माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत, हिंदी बोलणारी आहेत, कोकणीही आहेत. मराठी सगळ्यांनाच शाळेत भेटते. मासिकाने मला वाचवलंय ते चित्रांमुळे. पाठ्यपुस्तकातलं चित्र मजकुराचीच री ओढतं. मासिकातली चित्रकथा किंवा मुखपृष्ठ पुष्कळदा स्वतःच काहीतरी सांगत असतं.

अगदी गप्प असलेली एक मुलगी होती, कर्नाटकातून नुकतीच आलेली. मुखपृष्ठावर बाजाराचं चित्र होतं. सगळे भाजी, माणसं, छत्र्या सांगत होते. ती पुढे आली आणि टोपलीमागे अर्धवट दिसणाऱ्या एका लहान पोरीवर बोट ठेवून म्हणाली, “ही शाळेत नाही.” मराठीत, एवढंच. वर्ग एकदम थांबला. मग एकेकाने विचारायला सुरुवात केली: आज रविवार असेल? घड्याळ दिसतंय का? तिच्याकडे दप्तर आहे का? तिने चित्रात शोधून दाखवलं की एका दुकानात कॅलेंडर टांगलंय, पण वार वाचता येत नाही. अर्धा तास आम्ही त्या एकाच चित्रावर होतो. तिची पुढची वाक्यं मोठी होत गेली, कारण आता लोक तिला प्रश्न विचारत होते.

वाचता न येणाऱ्या मुलाला चर्चेतून वगळू नका एवढीच माझी विनंती. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या कार्यक्रमात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. आपण ६० धरून बसतो आणि ‘अर्थ समजून’ हे विसरतो. अर्थ लावणं शब्द फोडता येण्याच्या आधीपासून सुरू होतं, चित्रावर तर नक्कीच.

जांभूळ

वास्कोच्या टीचर, ते “ही शाळेत नाही” मला आज दिवसभर पुरेल.

एक भर घालतो. मासिक आणि पुस्तक यांत मोठा फरक हा की मासिकाला पत्र लिहिता येतं. बहुतेक बालमासिकं वाचकांची पत्रं छापतात, मुलांच्या कविता आणि चित्रंही घेतात. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. वर्गात मतभेद झाला की दोन्ही बाजूंची दोन कार्डं लिहायची आणि संपादकांना धाडायची. “लेख आवडला” असं लिहिलेलं कार्ड मी परत करायचो. काय आवडलं, कुठल्या ओळीत, आणि काय पटलं नाही, हे हवं. कार्डावर जागा कमी, त्यामुळे मुलं वाक्य चार वेळा घासूनपुसून लिहितात. सारांशलेखनाचा याहून चांगला सराव मला माहीत नाही. उत्तर आलं नाही तरी हरकत नसते, पुढच्या अंकाची वाट मात्र अख्खा वर्ग बघतो आणि आल्या आल्या आधी पत्रांचं पान उघडतो. वाचायला सांगावं लागत नाही.

मडगावचा_मास्तर

पोस्टकार्ड म्हणजे पत्रलेखनाचा घटकही झाला. मी नववीपासून सुरू करतो. खाजन टीचरांची चार कामं आणि ‘किशोर’च्या जुन्या अंकांतले दोन लेख. पहिला लेख कुठल्या प्रकारचा घ्यावा? गोष्ट, की माहिती?

खाजन

नववीला माहितीचाच घ्या सर, पण ज्यावर त्यांच्या घरी मत असतं असा. पाणी, मासे, शेती, पर्यटन. आमच्याकडे एकदा खाऱ्या जमिनीवर लेख होता. खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं कशी भरती-ओहोटीला मिटतात-उघडतात हे लेखात ढोबळ लिहिलेलं. एका मुलाचे आजोबा मानशीवर काम केलेले. त्याने लेखातली चूक दाखवली आणि आकृती काढून समजावलं: भरतीचं पाणी दार आतून नाही, बाहेरून दाबून मिटवतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं. छापलेल्या मजकुरातही चूक असू शकते, हे कळण्यासाठी नववी हे योग्य वय आहे. गोष्टीत मुलं सगळं खरं धरून चालतात. माहितीच्या लेखात त्यांना पडताळायला जागा असते.

अबोली_टीचर

माझं मत जरा वेगळं. लहान वर्गांना आधी गोष्टच, तीही निवाड्याची. जांभूळ सरांच्या चार भावांसारखी. पडताळणं नंतर. नववीला खाजन म्हणतात ते बरोबर.

फोंड्याच्या पालकांना एक विनंती. मुलीच्या शाळेत पालक-शिक्षक संघाची बैठक असेल तेव्हा एका मासिकाच्या चार प्रतींचा विषय मांडाल का? शिक्षकांनी मागितलं तर ‘बघू’ होतं, पालकांनी मागितलं तर ठराव होतो.

फोंड्याचा_पालक

मांडतो. भाषेबद्दल माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण ती तीन लिखित वाक्यं पटली. मुलीला आज घरी विचारलं, चार भावांत दोष कोणाचा? ती म्हणाली, पाचवा भाऊ असता तर बरं झालं असतं. का, ते उद्या सांगते म्हणाली.

जांभूळ

अबोली टीचर, माझ्याकडे चांदोबाचे काही अंक दुबार आहेत, मुखपृष्ठ फाटलेले पण आतून शाबूत. वाळपईला येणं होतं अधूनमधून. तुम्हाला निरोप करतो, पेटी तयार ठेवा. वास्कोच्या टीचरांना चित्रकथांचे वेगळे काढून ठेवतो.